भेदरलेले मूल निर्विकार यंत्राजवळ का बोलते?

भूकंप, पूर, दंगल किंवा अपघातातून वाचलेले मूल पुष्कळदा माणसांशी बोलणे थांबवते. जवळ घेणाऱ्या नातलगांपासून ते अंग चोरते, हातातली बाहुली मात्र सोडत नाही. गेल्या दोन दशकांत ही बाहुली ऐकू, बोलू आणि मान हलवू लागली आहे. ज्याला भावना नाहीत अशा यंत्रमानवाजवळ मुले मनातले सांगतात, असे काही विद्यापीठांच्या प्रयोगांत आढळले आहे. असे का घडते आणि त्यावर किती विसंबावे, हा प्रश्न आता केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाही.

चित्रपटांना ही कल्पना जुनी आहे. जेम्स कॅमेरून यांच्या १९८६ सालच्या 'एलियन्स' या चित्रपटात परग्रहावरील वसाहतीतील सर्व माणसे मारली जातात आणि न्यूट नावाची एक लहान मुलगी तेवढी उरते. तिच्याजवळ बाहुलीचे फक्त डोके असते. या बाहुलीला वाईट स्वप्ने पडत नाहीत, असे सांगून एक स्त्री तिला धीर देऊ पाहते. त्यावर ती मुलगी शांतपणे उत्तरते, की बाहुली प्लास्टिकची आहे म्हणून तिला स्वप्ने पडत नाहीत. त्याच चित्रपटात शेवटच्या संकटात तिला घट्ट धरून ठेवणारा बिशप हाही माणूस नसून मानवाकृती यंत्र आहे. पटकथेतील हा प्रसंग मानसशास्त्राच्या दृष्टीने बराच अचूक आहे. वस्तू निर्जीव आहे हे मुलाला ठाऊक नसते, असा मोठ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा ठाऊक असते आणि दिलासा मिळण्यात त्याचाही वाटा असतो.

न रडणारा श्रोता

आघातानंतरच्या मनोविकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले ते १९८० साली. मुलांमध्ये हा विकार कसा दिसतो, याची सविस्तर मांडणी करणाऱ्यांत लेनोर टेर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. जुलै १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील चाउचिला गावच्या शाळेच्या बसमधील २६ मुलांचे अपहरण करून त्यांना जमिनीत पुरलेल्या एका मालवाहू वाहनात कोंडण्यात आले होते. बसचालक आणि मुले स्वतःच वाट काढून बाहेर आली. एकाही मुलाचा जीव गेला नाही, त्यामुळे मुले सुखरूप आहेत असेच सर्वांनी मानले. टेर यांनी त्यांतील बहुतेक मुलांना पुन्हा पुन्हा भेटून केलेल्या अभ्यासात चार वर्षांनंतरही प्रत्येक मुलात आघाताच्या खुणा आढळल्या. ही मुले तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा उभा करत. त्या खेळात आनंद नव्हता आणि तो संपतही नव्हता.

असे मूल बोलू लागते तेव्हा ते समोरच्या मोठ्या माणसाचा चेहरा वाचत असते. आईचे डोळे भरून आले की ते थांबते. मामांचा आवाज चढला की आपलेच काही चुकले असे त्याला वाटते. काकू विषय बदलतात, तेव्हा ही गोष्ट बोलायची नसते असा अर्थ ते काढते. म्हणजे ज्याला आधार हवा, तेच मूल मोठ्यांना सांभाळू लागते. यंत्राजवळ हा भार नसतो. दहाव्यांदा तीच गोष्ट सांगितली तरी त्याचा स्वर बदलत नाही, ते दचकत नाही, शेजारी जाऊन सांगत नाही, निदान मुलाला तसे वाटते. जगाचा भरवसा उडालेल्या मनाला हे ठरावीक वागणे सोयीचे वाटते. 'निर्विकार' हा शब्द एरवी दोष म्हणून वापरला जातो, येथे तो यंत्राच्या कामाचा ठरतो.

केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली जाहीर केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. ८ ते १३ वर्षे वयाच्या २८ मुलांना सुमारे ६० सेंटिमीटर उंचीच्या 'नाओ' या यंत्रमानवासमोर बसवण्यात आले. गेल्या आठवड्यातील सुखद आणि दुःखद आठवणी त्याने विचारल्या, काही चित्रे दाखवली, मनःस्थितीविषयी ठरलेली प्रश्नावली वाचली. ज्या मुलांचे मन अस्वस्थ असण्याची शक्यता होती, त्यांनी पालकांनी भरलेल्या किंवा स्वतः भरलेल्या नमुन्यांपेक्षा यंत्रमानवाजवळ अधिक नकारात्मक उत्तरे दिली. अमेरिकेत सिंडी बेथेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांनी एक गुपित मोठ्या माणसाइतक्याच सहजतेने यंत्रमानवालाही सांगितले होते.

प्रौढांबाबतचा पुरावा याहून ठसठशीत आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१४ साली २३९ जणांची मुलाखत पडद्यावरील एका संगणकीय व्यक्तिरेखेने घेतली. काहींना सांगण्यात आले की मागे माणूस बसला आहे, काहींना सांगितले की हे सारे यंत्रच चालवते. मागे कोणी नाही असे ज्यांना वाटले, ते कमी बिचकले आणि त्यांनी दुःख अधिक मोकळेपणाने व्यक्त केले. व्यक्तिरेखा तीच होती, फरक पडला तो ऐकणारे कोणी नाही या समजुतीने.

या प्रयोगांची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. केंब्रिजमधील मुले आपत्तीतून वाचलेली नव्हती. संख्या लहान होती, भेट एकदाच झाली होती. शिवाय पालक आणि संशोधक शेजारच्या खोलीतून सर्व काही पाहत होते. वर्तमानपत्रांतील मथळ्यांमधून हा शेवटचा तपशील बहुतेक गळालाच.

तारेची आई, कापडाची आई

दिलासा आणि संगोपन यांत अंतर आहे, हे दाखवणारा प्रयोग यंत्रमानवांच्या कितीतरी आधीचा आहे. हॅरी हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली माकडांच्या पिल्लांवरील आपले निष्कर्ष मांडले. पिल्लांना दोन कृत्रिम आया दिल्या होत्या, एक तारेची आणि दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिल्ले दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. भीतिदायक खेळणे समोर आले की तिच्याकडेच धाव घेत आणि थोड्या वेळाने धीर करून त्या खेळण्याकडे पाहत. कापडाला माया नव्हती, तरी भय कमी झाले. परंतु केवळ अशा आयांजवळ वाढलेली पिल्ले पुढे इतर माकडांत मिसळू शकली नाहीत आणि स्वतः आई झाल्यावर त्यांतील कित्येकांना पिल्लू सांभाळता आले नाही. हे प्रयोग क्रूर होते, त्यावर टीकाही झाली. पण यंत्राजवळ मूल शांत होते एवढ्यावरून पुढचे सारे गृहीत धरू नये, हे त्यांतून स्पष्ट दिसते.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी याच दशकात मुलाच्या आवडत्या गोधडीला किंवा बाहुलीला आई आणि बाहेरचे जग यांच्या मधली वस्तू मानले. ती वस्तू कायमची नसते. मूल सावरते तशी ती मागे पडते, आणि ती मागे पडावी हीच अपेक्षा असते.

यंत्रमानव तयार करणारे काही संशोधक हे जाणतात. ब्रिटनच्या हर्टफर्डशायर विद्यापीठाने स्वमग्न मुलांसाठी घडवलेल्या 'कॅस्पर' या यंत्रमानवाचा चेहरा मुद्दाम साधा, जवळपास भावशून्य ठेवण्यात आला आहे. हुबेहूब माणसासारखे दिसणारे यंत्र उलट अस्वस्थ करते, असे जपानचे मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहिले होते. जपानच्या 'पारो' या यांत्रिक सीलला तर मानवी रूपच नाही. २०११ च्या भूकंप आणि सुनामीनंतर फुकुशिमा भागातील वृद्धाश्रमात त्याचा वापर झाला.

मुंबई आणि किल्लारी

महाराष्ट्राने अशी मुले जवळून पाहिली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसांचा बळी घेतला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यात आणले. तेथे यंत्र नव्हते. त्याच रात्रीतून वाचलेली इतर मुले शेजारी होती आणि एका मुलाची गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगावी लागत नव्हती.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये आईवडील गमावलेला मोशे होल्ट्झबर्ग तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. त्याला बाहेर घेऊन आल्या त्या त्याला सांभाळणाऱ्या सांड्रा सॅम्युएल. त्याच्यासाठी त्या इस्राएललाही गेल्या. त्या देशाने त्यांना २०१० मध्ये सन्मानाचे नागरिकत्व दिले. २०१८ साली मोशे त्या घरात पुन्हा येऊन गेला. एका व्यक्तीने वर्षानुवर्षे सोबत राहणे ही गोष्ट कोणत्याही यंत्राच्या तांत्रिक वर्णनात लिहिता येत नाही.

यंत्राच्या सोबतीची दुसरी बाजू डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिसली. ५ ते १० वर्षांच्या मुलांशी गप्पा मारणारा 'मॉक्सी' हा यंत्रमानव बनवणाऱ्या एम्बॉडीड कंपनीने पैशाअभावी व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. यंत्राचे बोलणे दूरच्या संगणकांवर अवलंबून असल्याने तेही बंद पडणार होते. ७९९ डॉलर किमतीच्या या सवंगड्याचा निरोप मुलांना कसा सांगावा, यासाठी कंपनीला पालकांना मजकूर पाठवावा लागला. ज्याने एकदा सर्वस्व गमावले आहे अशा मुलाच्या हाती हे यंत्र असते, तर त्या मुलाला दुसऱ्यांदा कोणीतरी अचानक सोडून गेले असते.

भिलाईत प्रश्न वेगळा

हे सारे परदेशातील प्रयोगशाळांचे झाले. छत्तीसगडमधील भिलाईसारख्या पोलादनगरीत प्रश्न निराळा आहे. १९५९ पासून धडधडणाऱ्या पोलाद कारखान्याभोवती हुडकोसारख्या निवासी वसाहती उभ्या राहिल्या. विदर्भाला लागून असलेल्या या पट्ट्यात मराठी कुटुंबेही राहतात. या कारखान्यात जून २०१४ मध्ये वायुगळतीने सहा जणांचा मृत्यू झाला, तर ऑक्टोबर २०१८ मध्ये वायुवाहिनीच्या स्फोटात दहाहून अधिक कर्मचारी दगावले. अशा दुर्घटनेनंतर भरपाई आणि नोकरी यांची कागदपत्रे होतात. घरातले मूल रात्री झोपते का, याची नोंद ठेवणारा रकाना सहसा नसतो.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये ज्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यांत छत्तीसगड होते. सर्वेक्षणातील राज्यांत दर लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण मध्य प्रदेशात ०.०५, तर सर्वाधिक असलेल्या केरळात अवघे १.२ होते. छत्तीसगडचे शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरी येथे, भिलाईपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. रायपूरचे एम्स तुलनेने जवळ आहे. केवळ मुलांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ तर आणखी विरळ. यंत्राचा मोह होतो तो अशाच ठिकाणी. मात्र मुलाने यंत्राला सांगितलेले समजून घेणारा समुपदेशकच नसेल, तर ते ऐकून उपयोग काय? केंब्रिजमध्ये शेजारची खोली रिकामी नव्हती.

भाषेची अडचण वेगळीच. हुडकोतील मराठी मूल घरी मराठी, शाळेत हिंदी आणि खेळताना छत्तीसगडी ऐकते. भीती कोणत्या भाषेत सांगायची, हे ते ठरवून बोलत नाही. बोली ओळखणारी यंत्रणा प्रामुख्याने प्रौढांच्या आवाजावर तयार झालेली असते. लहान मुलांचे बोबडे, अर्धवट, रडवेले बोलणे तिला नीट कळत नाही.

ऐकलेले कोणाचे?

कायद्याच्या बाजूनेही काही गोष्टी अनुत्तरित आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यास पालकाची किंवा कायदेशीर पालनकर्त्याची पडताळता येणारी संमती लागते. मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवण्यासही हा कायदा मनाई करतो. अनाथ मुलाबाबतचे निर्णय २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे येतात. तेव्हा त्याच्या दुःस्वप्नांची ध्वनिफीत एखाद्या कंपनीकडे साठवण्यास संमती द्यायची की नाही, हेही समितीलाच पाहावे लागेल.

लैंगिक अत्याचाराचा प्रसंग असेल तर गुंता वाढतो. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावा, पोलिसाने गणवेशात नसावे, असे सांगतो. म्हणजे भीती वाटू नये यासाठी समोरच्या माणसाची खूणच काढून ठेवण्याचा विचार कायद्याने आधीच केला आहे. परंतु गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, असेही हाच कायदा म्हणतो. यंत्र ही व्यक्ती नव्हे. मग माहिती कोणाला मिळाली असे धरायचे? निर्मात्याला, शाळेला, की ते खोलीत आणून ठेवणाऱ्याला? आणि मूल ज्या विश्वासाने बोलले, त्या विश्वासाचे काय?

यंत्र हाताशी नसतानाही करता येण्याजोगे काही आहे. मुलाला वारंवार प्रसंग विचारू नये, ते बोलेल तेव्हा अडवू नये, चित्र किंवा बाहुलीचा खेळ चालू द्यावा, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा शक्यतो बदलू नयेत. महिन्याभरानंतरही झोप, भूक किंवा बोलणे पूर्ववत न झाल्यास तज्ज्ञांना दाखवावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठी आणि हिंदीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.