काट्यावरचे वजन आणि अंगातले पाणी



उसाची गाडी काट्यावर चढली की आपली नजर आकड्यावरून हलत नाही. थोडा फरक वाटला तरी आपण विचारणा करतो, आणि ते रास्तच आहे. पण स्वतःच्या अंगाचे वजन कितीजण पाहतात? ज्यांना डॉक्टरांनी 'हृदय कमजोर आहे' असे सांगितले आहे, त्यांना हा आकडा टनेजपेक्षाही मोलाचा आहे. आम्ही शेतकी खात्याचे माणूस, डॉक्टर नव्हे. तरी एका प्रसंगामुळे हे लिहिणे भाग पडले.

मागे एका हंगामात आमच्या गटातले एक वयस्कर सभासद तोडीची चिठ्ठी घ्यायला आले. पाय सुजलेले, चपलेचा पट्टा बसेना. विचारले तर म्हणाले, "काही नाही साहेब, तोड होऊ द्या, मग बघू." आम्हीही चिठ्ठी हातात दिली अन् गप्प बसलो. चौथ्या रात्री मामांना धाप लागली. कळमनुरीहून रातोरात नांदेडला न्यावे लागले. मामा वाचले, पण त्या चार दिवसांच्या चुकीत आमचाही वाटा होता.

हृदय कमजोर होणे म्हणजे ते बंद पडणे नव्हे. विहिरीवरची मोटार चालू आहे, पण पाणी हवे तेवढे फेकत नाही, असे समजा. मग शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते. ते पायात, पोटात, शेवटी फुप्फुसात साठते. एक लिटर पाणी साठले की वजन एक किलोने वाढते. पुष्कळदा धाप लागण्याच्या काही दिवस आधीच काटा हे सांगत असतो.

म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा घेण्याआधी, त्याच काट्यावर, सारख्याच कपड्यांत वजन करावे व वहीत तारखेसह लिहावे. पाय दाबून खळगा पडतो का, रात्री उशा वाढवाव्या लागतात का, हेही टिपावे. एका दिवसात १ किलोहून जास्त किंवा तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढ दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. वजन भराभर उतरून चक्कर येत असेल तरीही कळवावे. बसल्या जागी धाप, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, असे झाल्यास वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

परदेशात हेच काम यंत्राने करून पाहिले आहे. जर्मनीत १,५७१ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या घरून वजन, रक्तदाब, हृदयाचा आलेख रोज बर्लिनच्या केंद्राकडे जाई आणि तिथे डॉक्टर, परिचारिका रात्रंदिवस लक्ष ठेवीत. अचानक दवाखान्यात भरती किंवा मृत्यू यांमुळे गमावलेले दिवस त्यांच्यात वर्षाला सरासरी १८ भरले, इतरांत २४. याउलट अमेरिकेत २०१० साली १,६५३ रुग्णांच्या अभ्यासात आपोआप चालणाऱ्या फोनवर माहिती द्यायची होती. तिथे काहीच फायदा दिसला नाही. सातातल्या एकाने तर तो फोन एकदाही वापरला नाही. आम्ही यातून एवढेच घेतो : आकडा रोज लिहिणारा हवा, आणि तो वाचून लगेच हालचाल करणारा माणूस हवा.

आपल्याकडे २०१९ पासून ई-संजीवनी सेवा आहे. गावच्या आरोग्य केंद्रातून पडद्यावर दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. पण ती रोज घरी येऊन पाहत नाही. आधी आपल्या लक्षात यावे लागते. तेव्हा वही सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना अंदाजाने बोलावे लागत नाही.

आणखी तीन गोष्टी. लोणचे, पापड, फरसाण यांत मीठ फार असते. सैंधवही मीठच आहे. 'कमी सोडियम'चे मीठ विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम असते आणि काही औषधांबरोबर ते घातक ठरते. गुडघेदुखीसाठी दुकानातून गोळी आणू नये, काही वेदनाशामक गोळ्यांनी अंगात पाणी साठते. आणि सूज उतरली म्हणून किंवा एस.टी.त लघवीची अडचण म्हणून पाण्याची गोळी चुकवू नये. प्रवास असेल तर वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांनाच विचारावे.

मामांच्या घरी आता काकू उसाच्या डायरीच्या मागच्या पानांवर रोज वजन लिहितात. गेल्या पोळ्याच्या सुमारास दोन दिवसांत वजन सव्वादोन किलो वाढले. काकूंनी फोन केला, डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली, चार दिवसांत वजन जागेवर आले. या खेपेला नांदेड गाठावे लागले नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी काटा आणि वही आजच आणावी. आमचे फिल्डमन बांधावर येतील तेव्हा पाय सुजलेले दिसले तर विचारतील. राग मानू नये. तोडीची चिठ्ठी दोन दिवसांनी मिळाली तरी चालते, माणूस मात्र वेळेवर दवाखान्यात पोचला पाहिजे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग