हाडातलं पाणी आणि प्लास्टरच्या गोळ्या

आठ-दहा वर्षांचं मूल चेंडू जोरात फेकतं किंवा साधंसं धडपडतं, आणि दंडाचं हाड मोडतं. एवढ्याशा धक्क्याने मोडावं असं ते हाड नसतं. एक्स-रे काढला की खांद्याच्या जरा खाली, हाडाच्या आत एक मोठी पोकळी दिसते. भोवतीची भिंत अंड्याच्या कवचासारखी पातळ झालेली. कधीकधी त्याच एक्स-रेमध्ये आणखी एक गोष्ट दिसते: भिंतीचा तुटलेला एक कपचा पोकळीच्या तळाशी जाऊन बसलेला असतो. आत घट्ट गाठ असती तर तो जागच्या जागी अडकून राहिला असता. तो खाली गेला, याचा अर्थ आत पाणी आहे. ‘हाडात काहीतरी आहे’ एवढंच ऐकून धास्तावलेल्या आईवडिलांना डॉक्टर या एका कपच्याच्या आधारावर सांगू शकतात, की ही बहुधा साधी बोन सिस्ट आहे, कॅन्सर नव्हे.

या सिस्टचं वर्णन जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरचॉव यांनी १८७६ साली केलं. ती मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळते, आणि तिच्या आवडत्या जागा दोन: दंडाच्या हाडाचं वरचं टोक आणि मांडीच्या हाडाचं वरचं टोक. दोन्ही ठिकाणी हाडाच्या टोकापाशी कूर्चेची एक पातळ चकती असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. मुलाची उंची, हातापायांची लांबी सगळी या चकत्यांमधून येते. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ एकट्या वरच्या चकतीतून होते. सिस्ट बहुतेकदा या चकतीला खेटून जन्मते. मग वर्षावर्षाला एक्स-रे काढत गेलं तर सिस्ट खाली सरकत चालल्यासारखी दिसते. खरं तर ती तिथेच असते. चकतीच नवं हाड घडवत घडवत वर निघून जाते आणि सिस्ट मागे राहते. दोघींमधलं अंतर वाढलं की सिस्टचा जोर ओसरू लागतो, आणि वाढ पूर्ण झाल्यावर बहुतेक सिस्ट आपोआप भरून येतात. हाडाचे आजार पुष्कळ आहेत, पण वय वाढल्यावर स्वतःहून काढता पाय घेणारे फार थोडे.

आतलं पाणी पिवळसर, नितळ असतं आणि त्याची घडण रक्तातल्या द्रवाशी मिळतीजुळती असते. त्यावरून जोनाथन कोहेन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६० साली एक कल्पना मांडली: हाडातून बाहेर जाणारी शीर कुठेतरी तुंबते, द्रवाला वाट मिळत नाही, तो साचत जातो. पुढे त्या पाण्यात प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सापडली, जी हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात. म्हणजे ते पाणी नुसतं साचलेलं नसतं, ते भिंतही पोखरत असतं. आणि २०२० साली तर अनेक सिस्टच्या अस्तरातल्या पेशींमध्ये दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली गेल्याचं दिसलं. जिला जवळजवळ दीडशे वर्षं नुसती पोकळी मानलं, तिच्या भिंतीत असा जनुकांचा खेळ चालू होता.

यावर शस्त्रक्रिया काय करायची? जुनी पद्धत सरळ होती. मोठा छेद घ्यायचा, हाडाला खिडकी पाडायची, अस्तर खरवडून काढायचं, कमरेच्या हाडातून तुकडे काढून पोकळी भरायची. मुलाच्या अंगावर दोन जखमा व्हायच्या, आणि एवढं करूनही बऱ्याच सिस्ट परत यायच्या. त्यातच सिस्ट चकतीला खेटलेली असेल तर खरवडताना चकतीला धक्का लागून हात आखूड राहण्याची भीती. जो आजार मुळात जिवावरचा नाही, त्याच्यासाठी ही किंमत फार होती.

मग इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या ऑस्कर स्कालिएत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाकू बाजूला ठेवला. त्यांनी सुईने पाणी काढलं आणि त्याच सुईतून मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आत सोडलं. तीन वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष त्यांनी १९७९ साली छापले, आणि सुईने हाड भरून येतं हे ऑर्थोपेडिक जगाला पाहायला मिळालं. काहींना एक इंजेक्शन पुरलं, अनेकांना पुन्हा पुन्हा द्यावं लागलं. जपानमध्ये चिगिरा आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली आणखी साधी गोष्ट केली: पातळ तारांनी सिस्टच्या भिंतीला अनेक भोकं पाडली. त्यांना सिस्टमधला दाब दुसऱ्या बाजूच्या निरोगी हाडापेक्षा किंचित जास्त आढळला होता. पाण्याला वाट द्यायची, दाब उतरवायचा, बाकीचं हाडावर सोपवायचं.

मला या सगळ्या गोष्टीत हा विचार सर्वात मोठा वाटतो. इथे सर्जन हाड दुरुस्त करत नाही. तो फक्त अडथळा काढतो. लवचिक नेलची, म्हणजे हाडाच्या आत सरकवायच्या बारीक सळईची, पद्धत तर याच विचाराचं देखणं रूप आहे. फ्रान्समधल्या नान्सी शहरात मुलांच्या मोडलेल्या हाडांसाठी टायटॅनियमचे वाकणारे नेल वापरात आले. हाडाच्या टोकाजवळ छोटंसं भोक पाडून ते आत सरकवायचे, चकतीला हात लावायचा नाही. सिस्टमधून असे दोन नेल पार नेले की दोन कामं एकदम होतात. पातळ झालेल्या हाडाला त्याच दिवशी आधार मिळतो, आणि नेलच्या कडेने, हाडाच्या पोकळ नळीतून, पाणी पुढचे कित्येक महिने झिरपत राहतं. कुठे मधोमध आरपार भोक असलेला स्क्रू भिंतीत बसवतात, तोही याच निचऱ्यासाठी.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन डॉरमन्स यांनी रूढ केलेल्या पद्धतीत एक सेंटिमीटरच्या आसपासचा छेद पुरतो. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत सर्जन सुई घालतो, पाणी ओढून घेतो, क्ष-किरणांत दिसणारं औषध सोडून सिस्टचा आतला आकार पाहतो. मग त्याच वाटेने बारीक हत्यार घालून अस्तर खरवडायचं, खालच्या मज्जेच्या नळीकडे वाट फोडायची, आणि पोकळीत कॅल्शियम सल्फेटच्या गोळ्या भरायच्या. कॅल्शियम सल्फेट म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिस, अर्थात शरीरात घालण्याइतकं शुद्ध केलेलं! मोडलेल्या हाताला बाहेरून गुंडाळतात तेच, गणपतीच्या मूर्तींवरून दरवर्षी ज्याचा वाद होतो तेच. जर्मनीत ड्रीसमन यांनी १८९२ सालीच क्षयाने पोखरलेल्या हाडांत ते भरून पाहिलं होतं. तळ्यात न विरघळणारं म्हणून आपण ज्याला दोष देतो, ते जिवंत हाडात काही आठवड्यांत विरघळून जातं. गोळ्या कडेकडेने झिजत जातात आणि मोकळ्या होणाऱ्या जागेत शरीर स्वतःचं हाड घालत येतं. काही महिन्यांनी एक्स-रेमध्ये गोळ्या दिसत नाहीत, त्यांच्या जागी मुलाचं स्वतःचं हाड असतं.

मधल्या काळात रुग्णाच्याच हाडातली मज्जा काढून सिस्टमध्ये सोडायची कल्पनाही खूप गाजली. मज्जेत हाड घडवणाऱ्या मूळ पेशी असतात, तेव्हा तिने स्टिरॉइडला मागे टाकावं, असं कुणालाही वाटेल. टोरांटोचे जेम्स राइट आणि सहकाऱ्यांनी मुलांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली आणि २००८ साली निकाल छापला. स्टिरॉइडने ४२ टक्के सिस्ट भरल्या, मज्जेने २३ टक्के. सुंदर कल्पना मोजमापासमोर हरली. पण स्टिरॉइडही निम्म्याहून कमी मुलांना पुरलं, हेही त्याच आकड्यांनी सांगितलं, आणि म्हणूनच खरवडणं, निचरा आणि भरणं एकत्र करणाऱ्या पद्धतींकडे डॉक्टर वळले.

प्रत्येक सिस्टला हात लावायचा नसतो. दंडातली छोटी सिस्ट दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेमध्ये दिसली, तर नुसतं लक्ष ठेवणं पुष्कळदा योग्य ठरतं. मांडीच्या हाडाच्या मानेतली सिस्ट मात्र वेगळी. तिथे हाड मोडलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि मूल आयुष्यभर लंगडू शकतं. तिथे वाट पाहणं धोक्याचं.

या सिस्टची एक तापट बहीणही आहे, अॅन्युरिझमल बोन सिस्ट. हिच्यात पाण्याऐवजी रक्ताने भरलेले कप्पे असतात, आणि ती हाड फुगवत झपाट्याने वाढते. एमआरआयमध्ये तिच्या कप्प्यांत वर पातळ द्रव आणि खाली रक्तपेशींचा गाळ असे थर दिसतात, कारण रुग्ण यंत्रात निपचित पडलेला असताना रक्त निवळतं. जॅफे आणि लिक्टेनस्टाइन यांनी १९४२ साली तिला वेगळं ओळखलं. बहुतेकींमध्ये यूएसपी-६ हे जनुक बिघडलेलं असतं. ती कॅन्सर नसली तरी हट्टी असते, म्हणून खोलवर खरवडून, ‘बर’ या वेगाने फिरणाऱ्या हत्याराने भिंत घासून पोकळी भरणं हा तिच्यावरचा नेहमीचा उपाय. पण इथेही सुई पुढे सरसावली आहे. दिल्लीच्या एम्समधल्या रस्तोगी, वार्ष्णेय आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ७२ रुग्णांचा अनुभव मांडला. पायाच्या फुगलेल्या शिरा मिटवायला वापरतात ते पोलिडोकॅनॉल त्यांनी या सिस्टमध्ये टोचलं. रक्ताच्या कप्प्यांचं अस्तर त्याने चिकटून मिटतं आणि मागून हाड भरत येतं.

बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांना तर याहून कमीत भागलेलं दिसलं. निदानासाठी बायोप्सी करावीच लागते, तर त्याच वेळी वेगवेगळ्या कोपऱ्यांतलं थोडं अस्तर खरवडून घ्यायचं, एवढंच त्यांनी केलं. २०१४ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांना पुढे काहीही करावं लागलं नाही. उरलेल्यांसाठी मोठी शस्त्रक्रिया होतीच, फक्त ती आधी सगळ्यांवर करावी लागली नाही.