तोंडओळखीचे बळ

गेल्या वर्षी घाटकोपरला राहणाऱ्या माझ्या भाचीने नोकरीच्या संकेतस्थळांवर दोनशेच्या वर अर्ज केले. उत्तरे आली ती बोटांवर मोजण्याइतकी. नोकरी लागली ती मात्र अंधेरीच्या सीप्झमध्ये, कॉलेजातल्या एका मुलीच्या संदेशामुळे. त्या दोघींचे तीन वर्षांत बोलणेही झाले नव्हते. ‘‘मामा, मग एवढे अर्ज कशाला केले मी?’’ हा तिचा प्रश्न या लेखाचे निमित्त.

मुंबईत नोकरी आणि ओळख यांचे नाते जुने आहे. गिरण्यांतली भरती जॉबरच्या हाती असे. गाव, जात, नाते पाहून तो माणसे घेई आणि पुष्कळदा त्याच्या हातावर दस्तुरी ठेवावी लागे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात या लाचखोरीवर बोट ठेवले आणि भरती कामगार अधिकाऱ्याकडे सोपवावी, अशी शिफारस केली. पुढे १९५९च्या कायद्याने सरकारी आणि पंचवीस किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवणे बंधनकारक झाले. तिथूनच माणूस घेण्याची सक्ती मात्र नव्हती. माझ्या पिढीतल्या अनेकांनी तिथे नाव नोंदवले आणि वाट पाहिली. मी स्वतः १९९३ साली मुलुंडच्या एका कारखान्यात लागलो तो वडिलांच्या मित्राच्या शब्दावर.

१९९७ साली नोकरी डॉट कॉम आणि २००३ साली लिंक्डइन आले, तेव्हा वाटले की आता ओळखीचे राज्य संपणार. तसे झाले नाही. का झाले नाही, याचे उत्तर त्याआधीच मिळालेले होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनच्या न्यूटन या उपनगरातल्या नोकरदारांना विचारले, की जागेची खबर तुम्हाला दिली कोणी? १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची खबर देणाऱ्याशी वरचेवर भेट होत असे. बाकीच्यांच्या भेटी अधूनमधून किंवा क्वचित होत. कारण सोपे आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी खबर तोंडओळखीच्या माणसाकडून येते.

२०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवरचा अभ्यास आला. त्यानेही हेच दाखवले, पण एक भर घालून. संगणकाशी अधिक निगडित क्षेत्रांत दूरच्या ओळखी कामी येतात, इतर क्षेत्रांत जवळच्या. म्हणजे सीप्झमधली सॉफ्टवेअर कंपनी आणि साकीनाक्याचा लेथचा गाळा, दोन्हीकडची वाट एक नसावी.

भाचीचे अर्ज वाया गेले असेही नाही. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक चाळतो. जाहिरातीत ‘टॅली’ असेल आणि अर्जात नुसते ‘हिशेबाचे काम’ असेल, तर अर्ज मागे पडू शकतो. म्हणून जाहिरातीतले शब्द, खरे असतील तेवढेच, आपल्या अर्जात हवेत. त्याच्या जोडीला जुने सहकारी, वर्गमित्र, शिक्षक यांना चार ओळी लिहाव्यात. ‘नोकरी द्या’ म्हटले की माणूस अवघडतो. ‘तुमच्याकडे या कामाला काय लागते?’ असे विचारले की बोलू लागतो.

दस्तुरीही गेलेली नाही. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर घरबसल्या कामाचा निरोप येतो, सुरुवातीला थोडे पैसे मिळतात, मग ‘नोंदणी’ किंवा ‘अनामत’ मागितली जाते. जॉबर निदान काम तरी देई! नोकरीसाठी कोणी पैसे मागितले की तिथेच थांबावे. जागा खरी आहे का, हे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावे. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

एक प्रश्न मात्र साधनांनी सुटत नाही. ज्या मुलीच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कचेरीत जाणार आहे, तिला तोंडओळख आणायची कुठून? जॉबरच्या काळी गाव आणि जात आड येई, आज कॉलेज आणि इंग्रजी येते. तिची तोंडओळख तुम्हीआम्हीच होऊ शकतो. खालच्या मजल्यावरच्या मुलीचा असा निरोप आला, तर दोन ओळींचे उत्तर द्यावे. माझ्या भाचीला तेवढ्यानेच नोकरी लागली.