मुलांच्या वेदनेचा प्रश्न

किल्लारीच्या १९९३ सालच्या भूकंपात ढिगाऱ्यांखालून निघालेली जायबंदी मुले लातूरकरांनी पाहिली आहेत. एरवीही भाजलेले वा हाड मोडलेले मूल रुग्णालयात आले की चौघांनी त्याला दाबून धरावे व जखम धुवावी, ही रीत आपल्याकडे जुनीच. तान्ह्यांना वेदना जाणवत नाहीत, असे तर मोठमोठे शल्यवैद्यही मानीत. डॉ. कन्वलजीत आनंद यांच्या १९८७ सालच्या संशोधनाने त्या समजास तडा गेला; पुरेशी भूल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांना शस्त्रक्रिया अधिक सोसते, असे त्यात आढळले.

उपाय दुर्मिळ नव्हेत. सौम्य दुखण्यास पॅरासिटामॉल, नवजातास सुई टोचताना आईचे दूध, तीव्र वेदनेस वजनाच्या मापाने मॉर्फीन. हाड बसविताना केटामाइन. मात्र जवळ प्राणवायू व श्वासावर लक्ष ठेवणारा जाणकार डॉक्टर हवाच. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फीन दुष्प्राप्य झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती सबब बरीचशी दूर झाली आहे.

शाळेत शिकवीत असताना, हात मोडलेल्या मुलाला ‘रडू नकोस’ असे आम्हीही बजावले आहे. त्याचे दुखणे थांबविण्यास काय दिले, हे मात्र कुणाला विचारले नाही.

नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी तालुक्याच्या डॉक्टरांना व परिचारिकांना हे शिक्षण द्यावे. प्रारंभ टाके घालण्याच्या खोलीपासून व्हावा.