शंक्वाकार पारपटल आणि नेत्रांतर्गत भिंग

परभणी जिल्ह्यातील जिंतूर वा गंगाखेड येथील एखाद्या विद्यार्थ्याच्या चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलू लागला, आणि नव्या चष्म्यानेही अक्षरांना छाया दिसू लागल्या, तर दोष पारपटलाचा असण्याचा संभव असतो. डोळ्याच्या अग्रभागी असलेला हा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूप्रमाणे पुढे येतो, त्या विकारास केराटोकोनस म्हणतात. ग्रीक भाषेत ‘केरास’ म्हणजे शिंग व ‘कोनोस’ म्हणजे शंकू.

हा विकार महाराष्ट्रात अगदीच विरळा नाही. नागपूरनजीकच्या ग्रामीण भागात तीस वर्षे व त्यांवरील व्यक्तींच्या पाहणीत तो २.३ टक्के आढळल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. मात्र तेथे पारपटलाची ४८ डायॉप्टर वा अधिक वक्रीभवनशक्ती हाच निकष होता. म्हणून हा आकडा अन्य जिल्ह्यांस जसाच्या तसा लावता येणार नाही.

१९४९ साली लंडन येथे हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यात प्रथम कृत्रिम भिंग बसविले, ते मोतीबिंदूच्या रुग्णास. येथे विचारात घेतलेले भिंग त्याहून भिन्न होय. ते नैसर्गिक भिंग न काढता, त्याच्या व कनीनिकेच्या मधल्या जागेत बसवितात. त्यामुळे तरुण रुग्णाची जवळचे पाहण्याची नैसर्गिक क्षमता टिकते, आधीच पातळ झालेले पारपटल लेसरने अधिक पातळ करावे लागत नाही आणि गरज पडल्यास भिंग काढताही येते.

परंतु हे भिंग लघुदृष्टी व नियमित दृष्टिवैषम्य तेवढेच सुधारते. शंकूच्या ओबडधोबड पृष्ठामुळे होणारी विकृती त्याने जात नाही. तिच्यावर कठीण स्पर्शभिंगच अधिक गुणकारी ठरते, कारण त्याखालील अश्रूंचा थर तो खडबडीतपणा भरून काढतो. शिवाय भिंगाने विकाराची वाढ थांबत नाही. वाढत्या विकारात आज बसविलेल्या भिंगाचा क्रमांक उद्या चुकीचा ठरतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम डोळे चोळण्याची सवय सोडावी व खाज आणणाऱ्या अधिहर्षतेवर उपचार करावेत. विकार वाढत असल्यास रायबोफ्लेविनचे थेंब व अतिनील किरण यांच्या साहाय्याने पारपटलातील तंतू परस्परांशी अधिक घट्ट जोडावेत. ड्रेस्डेन येथील संशोधकांनी या पद्धतीचे निष्कर्ष २००३ साली मांडले. वक्रता स्थिरावल्याचे पुनःपुन्हा मोजून ठरल्यावर, तसेच डोळ्याच्या अग्रकक्षाची खोली पुरेशी असल्यासच, भिंगाचा विचार करावा. शस्त्रक्रियेनंतरही नियमित तपासणी अटळ आहे. वेळीच झालेले निदान हेच या उपचाराचे अर्धे यश होय.