आपला माणूस आणि जिंकणारा माणूस

अमेरिकेतील फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलहून सर्वस्वी निराळा खेळ आहे. त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. चेंडू हाताने फेकावयाचा असतो किंवा काखेत मारून पळावयाचे असते. अकरा जणांच्या संघात ‘क्वार्टरबॅक’ नामक एका खेळाडूचे स्थान मात्र विलक्षण आहे. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. अंगावर धावून येणारे धिप्पाड प्रतिस्पर्धी पोहोचण्याआधी, दोन-तीन सेकंदांच्या अवधीत, चेंडू कोणाकडे जावा हे त्याला ठरवावे लागते. संघ जिंकला तर जयजयकार त्याचा आणि हरला तर पापाचा धनीही तोच. अशा जागेवर आपल्या समाजातील माणूस असावा, असे एखाद्या अल्पसंख्य समाजाला वाटले तर त्यात नवल नाही.

एप्रिल २०१९ मध्ये मायामी डॉल्फिन्स या संघाने जॉश रोझेन या बावीस वर्षांच्या ज्यू क्वार्टरबॅकला ॲरिझोनाकडून घेतले, तेव्हा दक्षिण फ्लोरिडातील चाहत्यांच्या ओठांवर लगेच दुसरे नाव आले : जे फीडलर. दक्षिण फ्लोरिडा हा अमेरिकेतील ज्यूंच्या मोठ्या वस्तीचा प्रदेश, आणि २००० ते २००४ या काळात याच संघाचे सुकाणू फीडलर या ज्यू क्वार्टरबॅकच्या हाती होते. जुना श्रेष्ठ की नवा, हा वाद मग रंगला. वादाला एक गमतीदार पेच होता. ज्याच्या अंगी उपजत गुण ओसंडून वाहत होते त्याच्या नावावर विजय नव्हते, आणि ज्याच्या नावावर विजय होते त्याच्या गुणांविषयी कोणी फारसे बोलतच नसे.

फीडलर न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरचा. तो शिकला डार्टमथमध्ये, म्हणजे जेथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही अशा विद्यापीठात, आणि तेही अभियांत्रिकी. १९९४ साली व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली तीत त्याचे नाव कोणीही उच्चारले नाही. फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला हाताशी धरले आणि पुढे सोडूनही दिले. मग युरोपातील दुय्यम स्पर्धेत ॲम्स्टरडॅमकडून खेळणे, मग पुन्हा अमेरिकेत राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसणे, अशी उमेदवारी त्याने केली. जानेवारी २००० मध्ये जॅक्सनव्हिलच्या संघाने मायामीचा ६२-७ असा धुव्वा उडविला. मायामीचा सतरा हंगामांचा महानायक डॅन मरीनो याचा तो अखेरचा सामना ठरला. त्या दिवशी उत्तरार्धात जॅक्सनव्हिलकडून मैदानात उतरलेला राखीव क्वार्टरबॅक होता फीडलर! काही महिन्यांतच मरीनोच्या रिकाम्या जागी मायामीने त्यालाच आणून बसविले. दैवाचे विनोद कधी कधी असे क्रूर असतात.

मरीनोच्या नावावर एकसष्ट हजारांहून अधिक यार्डांची फेक होती. त्या पर्वताच्या सावलीत फीडलर उभा राहिला, आणि पहिल्या दोन्ही हंगामांत संघाने सोळापैकी अकरा-अकरा सामने जिंकले. अर्थात झॅक थॉमस, जेसन टेलर यांच्यासारखे बचावाचे खंदे वीर त्याच्या पाठीशी होते, हे त्याच्या टीकाकारांचे म्हणणे खोटे नव्हते. त्याचा हात दुबळा आहे, तो फक्त सामना सांभाळतो, असे ते म्हणत. परंतु २००२ साली डेन्व्हरच्या सामन्यात त्याचा अंगठा मोडला. मोडक्या अंगठ्यानिशी त्याने विजय पदरात पाडून घेतला आणि नंतरच तो विश्रांतीला गेला. त्याच्या अनुपस्थितीत संघाने सहापैकी चार सामने गमावले. नुसता ‘सांभाळणारा’ माणूस नसला की काय होते, हे तेव्हा दिसून आले. पण असले धडे प्रेक्षक फार काळ लक्षात ठेवीत नाहीत.

रोझेनची कहाणी नेमकी उलटी. वडील ज्यू, पाठीच्या कण्याचे शल्यविशारद. आईच्या घराण्याची मुळे क्वेकर पंथात. शालेय वयापासून तो हेरला गेलेला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचा तारा, आणि २०१८ च्या निवडीत दहावा. त्यावर, आपल्याआधी नऊ चुका झाल्या, असे तो बोलून गेला. फीडलरला दोनशेहून अधिक ‘चुका’ मुकाट्याने गिळाव्या लागल्या होत्या, हे जुन्या चाहत्यांनी लगेच ऐकवावे यात गैर काही नव्हते. रोझेनच्या प्रशिक्षकाने त्याचे वर्णन करताना, याला प्रत्येक गोष्टीचे ‘का’ हवे असते, अशा आशयाचे उद्गार काढले होते. वर्गात ज्या विद्यार्थ्याचे शिक्षक कौतुक करतील, तोच स्वभाव मैदानावर दोष ठरला. फीडलरची बुद्धिमत्ता हे त्याच्या दुबळ्या हाताचे समर्थन मानले गेले होते. रोझेनच्या बाबतीत तीच बुद्धिमत्ता संशयाचे कारण झाली. ज्यू म्हणजे हुशार, हा ठोकळेबाज समज दोघांनाही चिकटला. त्याने लाभ मात्र एकाचाही झाला नाही.

शिवाय रोझेनला मिळालेले संघ पाहा. ॲरिझोनात एका हंगामाच्या मध्यावर त्याचा आक्रमणाचा प्रशिक्षक बदलला, हंगाम संपताच मुख्य प्रशिक्षकाला नारळ मिळाला, आणि नव्या प्रशिक्षकाने दुसरा क्वार्टरबॅक निवडून याला बाहेर काढले. मायामीत तो आला तेव्हा तो संघ भविष्याची बेगमी म्हणून आपले चांगले खेळाडू इतरांना देऊन टाकीत होता. पहिलाच सामना त्यांनी ५९-१० असा गमावला. रोझेनला आरंभापासून खेळण्याची संधी तीन सामन्यांत मिळाली, तिन्ही हरले. मग रायन फिट्झपॅट्रिक या जुन्याजाणत्या खेळाडूने जागा घेतली. अशा परिस्थितीत दोघांच्या आकड्यांची तुलना म्हणजे भरल्या विहिरीच्या पोहऱ्याची कोरड्या विहिरीच्या पोहऱ्याशी तुलना होय. तरीही ती होत राहिली, कारण तुलना करणाऱ्यांना आकड्यांहून काही वेगळेच हवे होते.

हे वेगळे काय, ते समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९२८ साली न्यूयॉर्क जायंट्सचे मालक टिम मारा यांना बेनी फ्रीडमन हा ज्यू खेळाडू हवा होता. तो सुटा मिळेना, म्हणून त्यांनी त्याचा डेट्रॉइटचा सबंध संघच विकत घेतला. पुढे शिकागोचा सिड लकमन आला. ब्रुकलिनमधील स्थलांतरित ज्यू कुटुंबातील या मुलाने १९४० च्या अंतिम सामन्यात शिकागोला ७३-० असा विजय मिळवून दिला, आणि १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये, त्याच्याच सत्कारासाठी नेमलेल्या दिवशी, एका सामन्यात सात टचडाउन फेकले. युरोपात ज्यूंचा संहार चालू असलेला तो काळ. त्या जमावाला लकमनमध्ये काय दिसले असेल, याची कल्पना करता येते. पण त्याच लकमनचे वडील मेव्हण्याच्या खुनाबद्दल १९३६ पासून सिंग सिंगच्या तुरुंगात होते. लकमनने याविषयी जन्मभर मौन पाळले, आणि लोकही ती गोष्ट जवळजवळ विसरले. २०१९ साली एका पुस्तकाने ती पुन्हा उजेडात आणली. समाजाच्या अभिमानाची मूर्ती होणे म्हणजे घरातील किती गोष्टी झाकून ठेवणे असते, हे त्या मौनावरून उमगते.

आपल्याकडेही कोकणातील बेने इस्रायलांचे एक नाव क्रिकेटच्या इतिहासात आहे : मुंबईचे पंच ज्यूडा रुबेन. जानेवारी १९७७ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडच्या जॉन लीव्हरच्या व्हॅसलीनच्या पट्टीचे प्रकरण उभे राहिले, ते रुबेन यांच्या नजरेमुळे. पंच मात्र कोणत्याच बाजूचा नसतो, म्हणून त्याच्यावर ‘आपला’ असल्याचे ओझे त्या प्रमाणात पडत नाही. क्वार्टरबॅकला ती सुटका नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये मायामीने रोझेनला मोकळे केले, आणि वाद आपोआप मिटला. फीडलरचा पक्ष जिंकला असे म्हणावे, तर त्या पक्षाच्या हाती होते तरी काय? ३० डिसेंबर २००० रोजी त्याच्या संघाने इंडियानापोलिसला बाद फेरीत जादा वेळेत हरविले, ज्यात खरा पराक्रम २०९ यार्ड धावलेल्या लामार स्मिथचा होता. २०२४ च्या हंगामाअखेरपर्यंत मायामीला बाद फेरीतील दुसरा विजय लाभलेला नव्हता. दरम्यान २०२० च्या एप्रिलमध्येच संघाने टुआ टागोव्हाइलोआ या हवाईत जन्मलेल्या सामोअन वंशाच्या तरुणाला निवडले होते. होनोलुलूच्या ज्या शाळेत तो शिकला, त्याच शाळेतून पूर्वी मार्कस मॅरिओटा हा सामोअन वंशाचाच क्वार्टरबॅक पुढे आला होता. तिकडे त्या दोघांची तुलना केव्हाच सुरू झालेली होती.