पारिजातकाच्या पानांची परीक्षा

मुलांनो, पारिजातकाची फुलं तुम्ही वेचली असतील. पण पान कधी चोळून पाहिलंय? अगदी पॉलिश पेपरसारखं खरखरीत! चाकणच्या कारखान्यांना खेटून असलेल्या महाळुंग्यातही एखाद्या अंगणात हे झाड सापडेल. तापावर या पानांचा काढा देण्याची रीत आपल्याकडे जुनीच. आता आजी म्हणते म्हणून ते खरं मानायचं, की आजी म्हणते म्हणूनच खोटं? त्यापेक्षा तपासून बघावं!

मुंबईत तसं झालं. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मलेरियाच्या १२० रुग्णांची हकिगत आहे. पाच ताजी पानं वाटून दिवसातून तीनदा द्यायची, सात ते दहा दिवस. ९२ जण सात दिवसांत बरे झाले, आणखी २० दहा दिवसांत. उरलेल्या आठांना गुण आला नाही. एरवी औषध प्रयोगशाळेतून निघतं, प्राण्यांवर अजमावलं जातं, मग माणसांपर्यंत येतं. इथे वाट उलटी. आधी रुग्ण, मग प्रयोगशाळा.

११२ बरे झाले, मग झालं की काम! छे, इथेच तर खरी परीक्षा सुरू होते. शरीरही जंतूंशी झुंजत असतंच. पानांशिवाय यातले किती बरे झाले असते? ते कळायला नेहमीच्या गोळ्या घेणारा दुसरा गट शेजारी हवा. ताप उतरला म्हणजे जंतू मेले असंही नाही. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजावे लागतात. त्यातून व्हायवॅक्स जातीचा जंतू तर यकृतात दडून बसतो नि महिन्यांनी पुन्हा ताप आणतो!

चीनच्या थू यूयू यांनाही असंच झगडावं लागलं. एका झुडपाचा अर्क कधी गुण द्यायचा, कधी नाही. सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात त्यांना सापडलं, की पाला पाण्यात भिजवून पिळावा. उकळण्याचं नावच नाही! म्हणजे उष्णतेनं गुण जात असावा. कमी तापमानाला काढलेल्या अर्कानं १९७१ साली उंदरांमधले जंतू साफ झाले. पुढच्या वर्षी तो अर्क त्यांनी आधी स्वतः घेऊन पाहिला. २०१५ साली नोबेल मिळालं. त्यातून निघालेल्या आर्टेमिसिनिनपासून बनवलेली औषधं आज फॅल्सिपॅरम मलेरियावरच्या गोळ्यांत असतात.

पारिजातक अजून तिथवर पोचलेला नाही. फॅल्सिपॅरम मेंदूपर्यंत गेला तर दोन-चार दिवसही जिवावर बेततात. म्हणून हुडहुडी भरून ताप आला की आधी रक्त तपासायचं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट मिळतात.